बाबांचे मसल्स, बाबांची मेमरी

जिमला आपण का जातो? खरं खरं सांगा. लग्न ठरलंय म्हणून, शर्टाचं तिसरं बटण ताणायला लागलंय म्हणून, कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये कोलेस्टेरॉलपुढे लाल खूण आली म्हणून, नाहीतर सरळ सरळ आरशासाठी! सगळी कारणं एकदम मान्य. पण ‘म्हातारपणी डोकं शाबूत राहावं म्हणून डंबेल्स उचलतो’ असं उत्तर मी तरी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि साठी उलटलेल्या माणसाने वजनं उचलायला घेतली, की आजूबाजूचे पहिलं वाक्य ठरलेलं बोलतात, ‘आता या वयात?’

हे ‘आता या वयात?’ आमच्या दिघीत फार ऐकू येतं. दिघी म्हणजे भोसरी आणि आळंदीच्या मधलं गाव. १९९७मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण गावठाण अजून गावठाणच आहे. एकीकडे लष्कराच्या जमिनी, डीआरडीओची पूल बनवणारी संस्था, टेकडीवर आर्मी इन्स्टिट्यूटचं इंजिनिअरिंग कॉलेज. दुसरीकडे भोसरी एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या कामगारांची घरं. त्यामुळे इथले रिटायर्ड लोक दोनच प्रकारचे, फौजी आणि फॅक्टरीवाले. दोघांनीही तीस-पस्तीस वर्षं शरीर भरपूर वापरलेलं. आणि मग एक दिवस हार, नारळ, सत्कार, घड्याळ... दुसऱ्या दिवसापासून खुर्ची, पेपर आणि टीव्ही.

माझे बाबा दुसऱ्या प्रकारातले. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. खिशात कायम व्हर्नियर. आता वय ६७. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात अंडंसुद्धा नाही. आषाढी वारीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली, की ती आमच्या दारावरूनच पुण्याकडे जाते. बाबा दरवर्षी तिच्याबरोबर पुण्यापर्यंत चालतात. रोज पहाटे दत्तगडाच्या बाजूला फेरी असतेच. अशा माणसाला ‘बाबा, व्यायाम करा’ असं सांगायची हिंमत कोण करणार? ‘मी वारी चालतो, मला काय व्यायाम शिकवतेस!’ विषय संपला.

भजनातून उठताना

विषय पुन्हा निघाला तो दोन वर्षांपूर्वी, आणि तोही बाबांनीच काढला. देवळात भजनाला मांडी घालून बसलं, की उठताना शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो, असं ते आईला म्हणाले. एवढंच असतं तर गुडघ्याला तेल लावून भागलं असतं. पण त्याच महिन्यात गॅसचा नंबर लावला की नाही ते त्यांना दोनदा आठवेना. एकदा नेहमीच्या मेकॅनिकचं नाव जिभेवर येईना. तुमच्या-माझ्या बाबतीत हे रोज होतं आणि आपण हसून सोडून देतो. बाबा हसले नाहीत.

कारण आजी. शेवटची सहा वर्षं आजीला डिमेन्शिया होता. २०१५मध्ये ती गेली तेव्हा ती बाबांना ‘पाहुणे’ म्हणायची. ‘पाहुणे, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका हं.’ बाबा तो चहा रोज घ्यायचे. तिला अंघोळ घालणं, रात्री दाराला आतून कुलूप लावणं, सगळं आई-बाबांनी केलं. त्या सहा वर्षांबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण मेकॅनिकचं नाव आठवेना तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला बरोबर कळलं.

डॉक्टरकडे गेलो. मेमरीची टेस्ट झाली, ती वयाच्या मानाने ठीक आली. थायरॉइड नॉर्मल. बी-१२ कमी, म्हणजे शाकाहारी घरांतलं नेहमीचं दुखणं. गोळ्या मिळाल्या. कानांची तपासणीही सांगितली, कारण मशीनच्या आवाजात आयुष्य गेलेलं. आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘फिजिओथेरपिस्टकडे जाऊन जरा ताकद मोजून घ्या.’

‘मोजून’ हा शब्द ऐकला आणि बाबा ताठ बसले. मोजणं हा त्यांचा प्रांत!

आठ आणि चोवीस

फिजिओने दोनच गोष्टी केल्या. पहिली, खुर्चीची टेस्ट. हात छातीवर दुमडायचे, खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था ज्येष्ठांसाठी हीच टेस्ट वापरते. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना १२पेक्षा कमी जमल्या, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. बायकांसाठी हा आकडा ११. बाबांचा स्कोअर आला ८.

दुसरी, पंजाची पकड. हातात धरून दाबायचं एक यंत्र असतं. आशियाई लोकांसाठी २०१९मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषानुसार पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली आणि बाईची १८ किलोच्या खाली गेली, तर स्नायू कमजोर समजतात. बाबांचा आकडा होता २४. ज्या हातांनी पस्तीस वर्षं लोखंड उचललं, ते हात!

रोज चार किलोमीटर चालणारा माणूस दोन्ही टेस्टमध्ये नापास कसा? फिजिओने सोपं करून सांगितलं. चालणं हृदयासाठी, फुप्फुसांसाठी झकास. पण पायांना रोज तेवढंच वजन मिळतं, तुमचं स्वतःचं. स्नायूला काल होतं त्यापेक्षा थोडं जास्त ओझं मिळालं, तरच तो टिकतो आणि वाढतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही भरभर उतरते.

बागेतल्या ओपन जिमचीही तीच गोष्ट. पिवळ्या-निळ्या मशीन्सवर आजी-आजोबा सकाळी मस्त झुलत असतात. न हलण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण त्यातल्या बहुतेक मशीन्सवर वजन वाढवायची सोयच नसते. महिन्याभरात शरीराला त्याची सवय होते आणि मग उरतात त्या गप्पा.

पायातली ताकद, डोक्यातला फायदा

इथपर्यंत ठीक. पण याचा डोक्याशी काय संबंध? हा प्रश्न बाबांनी फिजिओला विचारला आणि मी रात्री जागून शोधला.

तर ऐका. १९९०मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रम-रुग्णालयात मारिया फियाटारोन या डॉक्टरने एक अचाट गोष्ट केली. ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. नव्वदीतले लोक! नऊ जणांनी कोर्स पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ‘आता या वयात?’ या प्रश्नाचा निकाल खरं तर तेव्हाच लागला.

पुढे याच बाई सिडनीला गेल्या. तिथे त्यांनी ५५च्या पुढचे १०० लोक घेतले. विस्मरण सुरू झालेलं, पण डिमेन्शिया झालेला नाही, असे. काहींना सहा महिने आठवड्यातून दोन-तीनदा चांगली जड वजनं दिली, म्हणजे स्वतःच्या कमाल ताकदीच्या साधारण ८० टक्के. बाकीच्यांना नुसतं हलकं स्ट्रेचिंग. वजनवाल्यांची मानसिक चाचण्यांतली कामगिरी सुधारली आणि ट्रेनिंग संपल्यावर वर्षभर टिकली. २०१७मध्ये त्याच गटाने आणखी एक गंमत दाखवली. ज्यांच्या पायांची ताकद जास्त वाढली, त्यांचं डोकंही जास्त सुधारलं. दम वाढल्याशी मात्र हा संबंध दिसला नाही. आणि २०२०मध्ये त्यांनी मेंदूचे स्कॅन मांडले. आठवणी साठवणारा मेंदूतला जो भाग अशा लोकांत आधी झिजतो, त्याचे काही कोपरे वजन उचलणाऱ्यांत कमी झिजले होते.

दुसरा प्रयोग कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, २०१०चा. ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायका, एक वर्ष. काहींनी आठवड्यातून एकदा वजनं उचलली, काहींनी दोनदा, काहींनी फक्त तोल सांभाळायचे व्यायाम केले. मग परीक्षा. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला, आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. करून बघा, डोक्याची वाट लागते! वजन उचलणाऱ्या दोन्ही गटांचे मार्क ११ ते १३ टक्क्यांनी वाढले. तोलवाल्या जिथल्या तिथे.

हे होतं कसं? स्नायू म्हणजे नुसतं मांस नाही, ती एक केमिकल फॅक्टरी आहे. जोरात काम करताना स्नायू रक्तात काही रसायनं सोडतात, आणि त्यातली काही मेंदूतल्या पेशींना खतासारखी उपयोगी पडतात, असं संशोधक मानतात. दुसरा रस्ता साखरेचा. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त कोण ओढून घेतं? स्नायू. स्नायू कमी तर गोदाम लहान, साखर रस्त्यावर. आणि मधुमेह हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा मोठा घटक.

इथे आपल्या पुण्याची एक भन्नाट गोष्ट सांगायलाच हवी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी, बांधा सारखा, बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीवाला, स्नायू कमी... हा आपला देशी ‘मॉडेल’. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो बघावा. आमचे बाबा ५८ किलो आहेत. त्यांना आजवर कुणीही व्यायामाचा सल्ला दिला नव्हता, कारण ते ‘फिट’ दिसतात.

तिसरा रस्ता सरळ आहे. पाय मजबूत तर माणूस पडत नाही. पडला नाही तर डोक्याला मार लागत नाही, हाड मोडून अंथरुणाला खिळत नाही, घराबाहेर जातो, चार माणसांत बसतो. २०२४च्या लॅन्सेट कमिशनने डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यात डोक्याचा मार आहे, मधुमेह आहे, व्यायामाचा अभाव आहे, एकटेपणा आहे, कमी ऐकू येणंही आहे. हे सगळे धोके दूर झाले तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. आणि हा काही फक्त गोऱ्या लोकांचा प्रॉब्लेम नाही. २०२३मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख आज्या आणि आजोबा.

एक कडू गोळी

आता ते, जे वाचताना मला रडू आलं. २०१८मध्ये ब्रिटनमध्ये डिमेन्शिया आधीच झालेल्या ४९४ लोकांवर प्रयोग झाला. चार महिने व्यायाम, वजनंसुद्धा. लोकांची शारीरिक क्षमता वाढली, पण डिमेन्शियाचा उतार थांबला नाही. म्हणजे आजीला आम्ही डंबेल्स दिली असती, तरी ती बाबांना ‘पाहुणे’च म्हणाली असती. वजनं हे औषध नाही. ती आधी भरायची गोष्ट आहे, पेन्शनसारखी. आणि भरूनही गॅरंटी नाहीच. सिडनीत शंभर माणसं होती, व्हँकुव्हरमध्ये दीडशे. आशा आहे, तिला आधार आहे, पण कुणी ‘शंभर टक्के इलाज’ म्हणून पॅकेज विकायला आलं, तर दार लावून घ्या.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. वाटलं, त्यांचा मूड जाईल. ते म्हणाले, ‘मग मी बरोबर वेळेला आलोय. चल.’

सुभेदारकाकांची गच्ची

जिमला जायला बाबा तयार नव्हते. ढिंच्याक गाणी, आरसे आणि बनियनमधली पोरं, नको म्हणाले. शेवटी शेजारचे सुभेदारकाका मदतीला आले. वय ७१, सैन्यातून रिटायर, आवाज अजून परेड ग्राउंडवरचा. फिजिओने लिहून दिलेला कागद त्यांनी ताब्यात घेतला आणि आमच्या गच्चीवर मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसहा, अशी ड्यूटी लावली.

सामान काय? एक भिंतीला टेकवलेली खुर्ची, पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या, रबर बँड, माझी जुनी लॅपटॉप बॅग आणि आईचं तांदळाचं पाच किलोचं पोतं. खुर्चीवरून उठबस. भिंतीला हात टेकवून जोर. पायरीवर टाचा उचलणं. बँड छातीकडे खेचणं. आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन गच्चीच्या फेऱ्या. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन-तीन राउंड. बारा सहज व्हायला लागले, की बॅगेत आणखी एक बाटली.

फिजिओचे नियमही कडक. आधी डॉक्टरची परवानगी, बीपी आणि हृदय तपासून. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा, नाहीतर बीपी उसळतं. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा हर्निया असेल, तर विचारल्याशिवाय काही नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, की बंद.

तसं बघितलं तर यात परकं काय आहे? जोर-बैठका, मुद्गल, करेला हे आपल्या तालमींचे शब्द. पुण्यात १९२४पासून महाराष्ट्रीय मंडळ व्यायामच शिकवतंय. पण तालीम आपण तरुण पोरांची ठरवून टाकली. वडीलधाऱ्यांवरचं आपलं प्रेम ‘राहू द्या, मी उचलतो’ एवढ्या एका वाक्यात असतं. भाजीची पिशवी काढून घ्या, गॅसची टाकी आपण सरकवा, खाली बसू नका, जिना चढू नका. संस्कारी मुलांच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातात शेवटी रिमोट तेवढा उरतो.

खाण्याची गंमत तर विचारू नका. तज्ज्ञांच्या मते उतारवयात रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे बाबांना साधारण ६० ते ७० ग्रॅम. माळकरी घरात हे आणायचं कुठून? आईने गणित सोडवलं. सकाळी दूध, दुपारी घट्ट वरण आणि ताक, मधल्या वेळी हरभरे-शेंगदाणे, रात्री मटकी किंवा पनीर. सोयाबीनच्या वड्यांना बाबा आधी ‘रबर’ म्हणायचे, आता रस्सा मागून घेतात. (किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवणार, बरं का!)

डायरीतले आकडे

बाबांनी इन्स्पेक्शन रिपोर्टसारखी डायरी ठेवली आहे. तारीख, व्यायाम, वजन, ‘रिमार्क’. सहा महिन्यांनी खुर्चीचा आकडा ८ वरून १३ झाला. पकड २४ वरून २७. ‘अजून एक किलो टॉलरन्सच्या बाहेर आहे,’ इति बाबा. भजनातून उठताना शेजाऱ्याचा खांदा आता लागत नाही.

आणि मेमरी? हे सगळे मला विचारतात. वर्षाने टेस्ट पुन्हा झाली, स्कोअर तसाच आहे, घसरलेला नाही. ते वजनांमुळे, बी-१२मुळे, कानातल्या नव्या मशीनमुळे की सुभेदारकाकांच्या आरडाओरड्यामुळे, कुणी सांगावं? एका माणसाच्या घरात प्रयोग होत नसतो. पण मेकॅनिकचं नाव न आठवलेल्या त्या दिवसानंतर बाबा महिनाभर गप्प होते. ते गप्प राहणं संपलंय. गच्चीवर आता सात जण येतात. त्यात आईपण आहे. ती बाबांपेक्षा एक बाटली जास्त उचलते आणि हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

राहता राहिलो आपण. चाकणच्या बसमध्ये दीड तास, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन, बाकी दिवस खुर्चीत. ओझं म्हणाल तर लॅपटॉपचं. जागतिक आरोग्य संघटना २०२०पासून प्रौढांना स्पष्ट सांगतेय, आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना काम द्या. पासष्टीपुढे त्यात तोल आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस. आपले स्नायू तिशीपासूनच खात्यातून निघायला लागलेत, आणि आपण मात्र फक्त पीएफचा बॅलन्स चेक करतो.

तर या रविवारी एक काम करा. घरी एक दणकट खुर्ची भिंतीला टेकवा, मोबाइलवर ३० सेकंद लावा. आई-बाबांना हात छातीवर दुमडून उठबस करायला सांगा. जवळ उभे राहा, आणि आकडा तारखेसकट लिहून ठेवा. मग त्याच खुर्चीवर स्वतः बसा. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत आम्ही हे केलं. आमच्या टीममधल्या २८ वर्षांच्या एका हिरोला जमल्या १४. बाबांपेक्षा फक्त एक जास्त!